पाणी येण्याआधीचा घाट

९ जानेवारी १९७१. सकाळपासून मी ट्रेसिंग क्लॉथवर खडूची पूड चोळत बसले होते. हे कापड मेणचट असतं. पूड चोळून नीट झटकली नाही तर त्यावर शाई धरत नाही, थेंब होऊन पळते. नगरमधल्या एका दवाखान्याचा नकाशा दुपारपर्यंत शाईत उतरवायचा होता आणि माझे हात कोपरापर्यंत पांढरे झाले होते. तेवढ्यात दारात दोन माणसं येऊन उभी राहिली. पुढे एक म्हातारे, डोक्याला पटका, हातात काठी. मागे त्यांचा चाळिशीतला मुलगा. म्हाताऱ्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं आणि मुलाला सांगितलं, "बाई दळन करत्यात जनू. सायेब कुठं हायेत, इचार."

साहेब मीच, असं मी सांगितलं आणि खुर्च्यांवरचे कागद उचलले. मुंबईला वास्तुरचना शिकून मी नगरला घराच्याच पुढच्या खोलीत काम करत होते, त्याला बरीच वर्षं झाली होती. साहेब कुठे आहेत, हा प्रश्न मला नवा नव्हता. त्याचं वाईट वाटून घेणं मी केव्हाच सोडलं होतं. त्यात वेळ जातो.

म्हातारे बसले आणि त्यांनी सरळ कामच सांगितलं. शेवगाव तालुक्यात गोदावरीच्या काठी त्यांचं गाव. पैठणला धरण बांधणं चालू होतं आणि ते भरलं की गाव पाण्याखाली जाणार होतं. वरच्या माळावर नवं गावठाण आखलं होतं, अर्धं गाव तिकडे राहायलाही गेलं होतं. "साळा सरकार देतंय, हिर देतंय, रस्ता देतंय," ते म्हणाले. "मेल्यावर कुठं जायाचं त्ये कुनी सांगितलं न्हाई."

नदीकाठचा जुना घाटही बुडणार होता. दहाव्याचे विधी करायला गावाला नवी जागा हवी होती. पायऱ्या हव्यात, चार माणसं सावलीला बसतील एवढं छप्पर हवं. बुडिताच्या जमिनीच्या मोबदल्यातून खर्च म्हातारे करणार होते, पण जागा सगळ्या गावाची, असं पंचांशी ठरलं होतं. नदी खाली आणि गावठाण वर, मग घाट कुठे बांधायचा, असं मी विचारलं.

"नदी वर येनार हाय. कुठवर, त्ये त्यांनी दगड मारून दावलंय," ते म्हणाले. "तुमी फकस्त तिला बसाया जागा करा."

गावात त्यांना सगळे बाबा म्हणत. मीही तेच म्हणू लागले.

पुढच्या आठवड्यात मी जागा पाहायला गेले. शेवगावपर्यंत एस.टी., तिथून बैलगाडी. गावठाणाचा माळ मुरमाड होता, एकही झाड नाही. तिथून खाली नदीपर्यंत काळ्या रानाचा उतार इतका संथ की चालताना आपण उतरतोय हे पायांना कळत नाही. मधेच चुना फासलेले बुडिताचे दगड, एकामागे एक, वळत गेलेले. त्यांच्या खाली शाळू उभा होता, कणसात दाणा भरत होता. त्याच्याही खाली जुनं गाव. छपरं काढून नेलेल्या घरांच्या भिंती आणि तोडणीला लागलेली चिंचेची, लिंबाची झाडं. कुऱ्हाडीचा आवाज वर माळापर्यंत येत होता.

आजवर मी जी जी जागा पाहिली होती ती डोळ्यांपुढे होती. इथे अजून न आलेल्या काठावर बांधायचं होतं. लेव्हलचं यंत्र लावून मी सारख्या उंचीच्या रेषा काढल्या, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. उतार इतका कमी होता की पाणी हातभर चढलं तरी एक अख्खं रान बुडणार आणि हातभर उतरलं की तेवढंच रान उघडं पडणार. पावसाळ्यानंतर काठ दगडांना टेकेल आणि उन्हाळ्यात लांब खाली जाईल. एका जागी उभ्या पायऱ्यांचा घाट बांधला तर वर्षातला थोडाच काळ त्याला पाणी लागलं असतं. उरलेलं वर्ष तो कोरड्यात उभा राहिला असता.

पंचांचं मत वेगळं होतं. त्यांना लांबून दिसेल असं काहीतरी हवं होतं. एकाला घुमट हवा होता, दुसऱ्याला बाबांच्या नावाची कमान. तिसऱ्याने नगरच्या एका थिएटरचा दर्शनी भाग पाहून ठेवला होता आणि तसंच करा, म्हणून तो मागे लागला. मी विचारलं, तिकीटबारीही हवी का? बाबा हसले, तो पंच हसला नाही.

मी उतारावर परत फिरले. तिथल्या शेतांना दगडी ताली आहेत. उताराला आडव्या, गुडघ्याएवढ्या, जमीन जशी वळते तशा वळलेल्या. कुणीतरी कधीतरी रचल्या, पुढच्यांनी डागडुजी केली. त्या रानात उभं राहणारं काहीही परकं दिसलं असतं. आडवं पडलेलं तेवढं तिथलं वाटत होतं. म्हणून मी तेच केलं. बुडिताच्या दगडांपासून खाली, लांब लांब अंतरावर ताली काढल्या, प्रत्येकीच्या पोटात फरसबंद पट्टा. पाणी ज्या महिन्यात ज्या तालीला लागेल तिथे विधी करायचे. सगळ्यात वर, पाणी कधीच पोचणार नाही तिथे, छप्पर. तेही ठेंगणं. मागची भिंत उतारात घुसवलेली आणि माथा माळाच्या रेषेबरोबर. वापरायचा तो तिथलाच काळा दगड.

नकाशा मी बाबांना त्यांच्या घराच्या ओट्यावर समजावून सांगितला. नवं घर कसलं, पत्र्याची शेड आणि पुढेमागे मोकळी जागा. त्यांना नकाशा पटकन कळला. बोटाने एकेक ताल उतरत गेले, परत वर आले आणि विचारलं, "कावळा बसंल कुठं?"

कावळ्याचा विचार मी केला नव्हता. माळावर झाड नव्हतं आणि जुन्या गावातली झाडं तुटत होती. झाडं लावता येतील, पण ती वाढायला वेळ लागेल, असं मी म्हणाले. बाबा म्हणाले, मला तेवढा वेळ नाही. हे त्यांनी पाऊसपाण्याचं बोलावं तसं सांगितलं.

मग त्यांनी त्यांच्या थोरल्या भावाच्या दहाव्याची गोष्ट सांगितली. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला की गेलेल्या माणसाची इच्छा उरली नाही असं धरतात. तो येत नसला की घरचे एकेक पुढे होतात आणि हात जोडून मोठ्याने सांगतात: धाकटीचं लग्न मी करीन, आईला मी सांभाळीन, बांधाचं भांडण मिटवीन. काय राहिलं असेल ते अंदाजाने बोलत राहायचं. बाबांच्या भावाचा कावळा दिवस कलला तरी आला नव्हता. घरच्यांनी सुचेल ते कबूल केलं. त्यानंतर कितीतरी दिवस गाव विचारत राहिलं, असं काय होतं त्याच्या मनात?

"माज्या येळंला उशीर नगं," बाबा म्हणाले.

मी कावळ्यांसाठी बैठक काढली. तिकडे मोटेच्या विहिरीवर दोन खांब आणि वर आडवं लाकूड असतं, तसंच. रानात अशा चौकटी जागोजाग उभ्या होत्या, त्यामुळे ही वेगळी दिसणार नव्हती. वरच्या तालीच्या टोकाला ती बसवली. गवंडी म्हणाला, आजवर माणसांची घरं बांधली, आता कावळ्यांचंही बघतो. बाबांनी आणखी एक उपाय केला. रोज दुपारी एक भाकरी त्या जागी कुस्करून टाकायची, म्हणजे कावळ्यांना वाट माहीत होईल. हे काम त्यांनी लेकीला दिलं.

लेक पस्तिशीची असेल. तिला सगळे आक्का म्हणत. लग्नानंतर लवकरच नवरा गेला, मूल नव्हतं, ती माहेरी परतली आणि तेव्हापासून बाबांचं घर तीच चालवत होती. नव्या गावठाणात तिच्या थोरल्या भावाला, म्हणजे बाबांबरोबर माझ्याकडे आलेल्या मुलाला, एक जागा मिळाली, धाकट्याला एक, बाबांना एक. आक्का बाबांच्या जागेत राहत होती. बाबांनंतर ती जागा भावांची होणार होती. कायद्याने लेकीलाही वाटा आहे हे तिला माहीत होतं, तिथल्या लेकी तो सोडून देतात हेही माहीत होतं. तिला जमीन नको होती. कुणाच्या सुनेला न विचारता चूल पेटवता येईल अशी एक खोली हवी होती.

हे तिने मला एकदम सांगितलं नाही. उन्हाळ्यात काम सुरू झालं, मी आठवड्याला एक फेरी करू लागले आणि ती दुपारी भाकरी घेऊन तालीवर येई तेव्हा थोडं थोडं बोले. कावळे सुरुवातीला खालच्या रानातच थांबत. मग चौकटीवर यायला लागले. पुढे पुढे आक्का टोपलीवरचं फडकं काढायच्या आत ते खाली उतरू लागले.

एकदा ती म्हणाली, "बाबानं थोरल्याला सांगून ठिवलंय. धाव्याला समद्यांम्होरं बोल म्हनून. आक्काला एक खोली, जिती हाय तवर तिची. त्यो व्हय म्हनला."

मी म्हणाले, हे चांगलं झालं.

"कशाचं चांगलं, बाई? कावळा थांबला तर मानूस बोलतं. ह्ये तर माज्या हाताकडं बघून येत्यात. टाकल्याबरुबर. मंग थोरला कवा बोलनार?"

बाबांना कावळा लगेच यायला हवा होता आणि मुलाने सगळ्यांसमोर कबूल करायलाही हवं होतं. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. माझ्याही नाही. मग भाकरी टाकू नका, असं मी तिला सांगितलं.

"बाबानं सांगितलंय," ती म्हणाली आणि उरलेला तुकडा कुस्करला.

त्याच दिवशी मी बाबांकडे गेले आणि म्हणाले, खोलीचं कागदावर लिहून द्या, सही करा, मी साक्षीला राहते. त्यांनी ऐकून घेतलं. रागावले नाहीत. म्हणाले, लिहिलं तर पोरं म्हणतील बापाला आमचा भरवसा नव्हता. "लिवल्यालं कोर्टात जातं, बाई. बोलल्यालं गावात ऱ्हातं." मी कावळ्यांची अडचण सांगितली. त्यावर ते हसले. थोरला काय कावळ्याला भिऊन बोलणार आहे का, आधीच बोलेल की, असं म्हणाले. मला ते पटलं नाही, पण हट्टी माणसाशी दोनदा वाद घालायचा नाही असा माझा नियम आहे.

मला जे करता येण्यासारखं होतं ते मी नकाशात केलं. आमच्याकडे नगरात बायका घाटावर जात नसत. तिकडे दहाव्याला लेकीसुना येतात, पण जुन्या घाटावर त्या लांब, धक्क्याच्या मागे, उन्हात बसत. तिथे काय बोललं जातं ते त्यांना ऐकू येत नसे. घरी गेल्यावर कळे. माझ्या पहिल्या नकाशातही त्यांची जागा वर, छपराखाली होती. सावली दिली म्हणजे पुष्कळ केलं, असं मला वाटलं होतं. आक्काने एका दुपारी छपराच्या जागेवर उभं राहून मला तालीपाशी पाठवलं आणि नेहमीच्या आवाजात बोलायला सांगितलं. मी बोलले. वारा खालून नव्हता, तिला काही ऐकू गेलं नाही.

मी बायकांची बैठक खाली आणली. वरच्या तालीलाच एका बाजूने हात फुटावा तशी ती वळवली. मधे कमरेएवढी भिंत, भिंतीपलीकडे पिंडाचा ओटा. तिथे जमीन आपसूकच तशी वळत होती, त्यामुळे बैठक चिकटवल्यासारखी दिसली नाही. पंचांनी मात्र हरकत घेतली. बायकांनी इतक्या जवळ बसून करायचं काय, असं थिएटरवाल्या पंचाने विचारलं. मी उतार, दगड, वारा अशी तीन कारणं सांगितली, ती त्याला पुरली नाहीत. बाबा म्हणाले, "घरी गेल्यावर आपल्यालाच इचारत्यात ना, काय काय झालं म्हनून? दोनदा सांगन्यापरीस एकदाच ऐकू द्या." पंच हसले आणि बैठक राहिली.

दगड जुन्या घाटाचा आणला. घरांचे दगड ज्याने त्याने नेले होते, पण दहाव्याच्या घाटाचा दगड कुणी स्वतःच्या भिंतीत बसवणार नव्हतं. तो नुसता पडून होता. पाण्याने घासून गुळगुळीत झालेला, कोपरे गेलेला. पाथरवटांनी तो पुन्हा घडवायचं म्हटलं तेव्हा मी नको म्हणाले. आहे तसा लावा. एकदा तो दगड उचलल्यावर मात्र जुना घाट राहिला नाही. यापुढे जो कोणी जाईल त्याचं दहावं वरच होणार होतं, पाणी आलेलं असो वा नसो.

पावसाच्या तोंडाला काम उरकलं. पंच पाहायला आले, गावठाणाच्या कडेला उभे राहिले आणि खाली बघत राहिले. छपराची एक रेघ, तिच्याखाली रानातल्या तालींसारख्या ताली आणि मोटेची वाटावी अशी चौकट. एवढंच दिसत होतं. थिएटरवाला पंच म्हणाला, "बांधलंय कुठं?" माझ्या कामाला मिळालेली ती सगळ्यात चांगली पावती होती, पण तसं त्याला सांगून उपयोग नव्हता. बाबा खाली गेले, बायकांच्या बैठकीवर बसून पाहिलं, ओट्यापाशी उभं राहून पाहिलं. मग म्हणाले, "बरं हाय. थंड हाय दगड."

बाबा मार्गशीर्षात गेले. दोन दिवस ताप आला आणि गेले. थोरल्याने एस.टी.च्या कंडक्टरबरोबर मला निरोप धाडला. गवंड्याच्या हिशेबासाठी फरसबंदीची शेवटची मोजणी करायची राहिली होतीच. ती दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी करावी, म्हणून मी तसा बेत केला, गावातल्या शाळेच्या बाईंकडे मुक्कामाचं कळवलं आणि दहाव्याच्या सकाळी पोचले.

धरणाचं पाणी अजून आलेलं नव्हतं. नदी खाली, आपल्या जागी, पडक्या भिंतींच्या पलीकडे वाहत होती. माणसं तिथे आंघोळ करून आली आणि कळशीभर पाणी वर आणलं. ओट्याच्या खाली ताली होत्या, तालींच्या खाली शाळू. कोरड्या रानात उतरणारा तो सगळा दगड सकाळच्या उन्हात फार मोठा दिसत होता. मी बायकांबरोबर बैठकीवर बसले. शेजारी आक्का होती. भिंतीपलीकडे भाऊ, भाऊबंद, पंच आणि शेवगावहून आलेले गुरुजी. गुरुजींचा प्रत्येक शब्द आम्हाला ऐकू येत होता. थोरल्याच्या नाकातून येणारा श्वाससुद्धा.

पिंड मांडले. बाबांना आवडायची म्हणून बाजरीची भाकरी आणि ठेचाही ठेवला. गुरुजींनी हात जोडून सगळ्यांना मागे व्हायला सांगितलं. माणसं मागे सरकत होती तेवढ्यात चौकटीवरून दोन कावळे उतरले. एकाने पिंडावर चोच मारली, दुसऱ्याने भाकरीचा तुकडा ओढला. माणसं अजून आपापल्या जागी उभी राहिलीही नव्हती.

सुटल्यासारखं सगळ्यांनी नमस्कार केला. भाग्यवान माणूस, असं कुणीतरी म्हणालं. काही म्हणजे काही ठेवलं नाही मागे, दुसरं कुणी म्हणालं. थोरल्याने डोळे पुसले. धाकटा कळशी उचलायला वाकला. बायका पदर सावरून उठू लागल्या. मी थोरल्याकडे पाहत होते. त्याने तोंड उघडलं, मग कावळ्यांकडे पाहिलं आणि मिटलं.

आक्का उठून भिंतीपाशी गेली. आवाज चढवला नाही, तिथून चढवायची गरजच नव्हती.

"ह्यो कावळा बाबाचा न्हाई. माजा हाय," ती म्हणाली. "रोज माज्या हातची खातो. बाबाचं ऱ्हायलंय."

गुरुजी म्हणाले, विधी पार पडला आहे, पिंडाला स्पर्श झाला आहे, आता काही राहिलं असं म्हणू नये. एक भाऊबंद म्हणाला, बाईमाणसाने घाटावर बोलू नये. आक्काने दोघांकडेही पाहिलं नाही. ती थोरल्याकडे बघत होती. त्याच्या मानेवर घाम आला होता.

"आक्का, घरी बोलू," तो म्हणाला.

"घर कुनाचं, त्येच इचारतीया."

बायकांच्या बाजूने कुणीतरी हुंदका दिला. तो थोरल्याच्या बायकोचा होता की दुसऱ्या कुणाचा, मला कळलं नाही. थोरला भिंतीच्या जवळ आला. खाली मान घालून म्हणाला, मी बोलणारच होतो, कावळ्याने बोलू दिलं नाही. ते खरं असेल, खोटंही असेल. मी तिथे होते आणि तरी मला सांगता येणार नाही.

"मंग आता बोल," आक्का म्हणाली. "कावळं हायेत अजून."

कावळे खरंच तिथे होते, भाकरी संपवत. थोरला वळला. पंचांकडे, भाऊबंदांकडे तोंड करून त्याने हात जोडले. बाबांच्या जागेवर आक्काला एक खोली, चूल वेगळी, ती आहे तोवर तिची, असं तो एका दमात म्हणाला. धाकट्याला विचारलं गेलं, त्याने मान हलवली. कमानवाल्या पंचाने, ऐकलं बरं का सगळ्यांनी, असं म्हटलं. मग माणसं वर चालू लागली. आक्का पुन्हा बैठकीवर येऊन बसली आणि बराच वेळ तिथून उठली नाही. मी तिच्याजवळ थांबले. तिला नुसतं बसायचं होतं.

दिवसभर जेवणावळी चालल्या. मी कान उघडे ठेवून होते. दुपारी थोरल्याची बायको म्हणत होती, खोली द्यायची तर मागच्या बाजूला काढता येईल, आपल्या अंगणातून वाट ठेवू. संध्याकाळी धाकटा म्हणाला, घाई कशाला, पाणी येऊ दे, मग बघू. त्यात कुणाची लबाडी होती असं मला वाटत नाही. बोललेलं असंच हळूहळू विरतं. बाबा म्हणाले होते, बोललेलं गावात राहतं. मला गावाचा तेवढा अनुभव नाही. दगडाचा आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घाटाची मोजणी बाजूला ठेवली. गवंड्याकडून सुतळी, खुंट्या आणि चुन्याच्या फक्कीची बादली घेतली आणि बाबांच्या जागेवर गेले. शेडच्या पुढे, रस्त्याच्या कडेला, एक खोली आखली. आक्काला उठवून आणलं आणि चूल कुठे हवी ते विचारलं. तिने पायाने दाखवलं. दार कुठे, हेही विचारलं. थोरला तोंड धुवायला बाहेर आला होता, तो म्हणाला, "दार अंगनात काढा की, बाई." आक्का म्हणाली, "रस्त्याला." सुतळीचं दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं, म्हणून ते मी त्याच्या हातात दिलं. त्याने ते धरलं. मी दाराच्या दोन्ही खुंट्या ठोकल्या, रेषेवर फक्की टाकली आणि गवंड्याला सांगितलं की पाया आजच खणायला घे.